कागदावरचे घोडे

ओळखीत कोणी गाडी घ्यायला निघालं की पहिला प्रश्न ठरलेला, "किती एचपीची घेऊ?" एचपी म्हणजे हॉर्सपॉवर, इंजिनाची ताकद मोजायचं माप. जणू घोडे मोजले की काम झालं.

माझी गाडी साधी पेट्रोल, टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) वगैरे काही नाही. कागदावर ८२ घोडे. एकटा असलो की माझी काही तक्रार नसते. पण एकदा गाडीत पाच जण, डिकी गच्च, एसी चालू आणि पुढे चढावर ट्रक. चौथ्या गिअरमध्ये होतो. पाय दाबला, गाडी ढिम्म. तिसऱ्यात टाकली तर इंजिन नुसतं ओरडायला लागलं आणि आम्ही ट्रकच्या मागच्या चाकाशीच रेंगाळलो. तेवढ्यात समोरून दिवे दिसले. मुकाट मागे आलो. आई म्हणाली, "एवढी घाई कसली रे?" घाई नव्हती, दम नव्हता.

गोम अशी की ते ८२ घोडे मिळतात ६००० आरपीएमला, म्हणजे इंजिन मिनिटाला ६००० फेरे घेतं तेव्हा. रोज तिथे जातो कोण? आपला सगळा संसार १५०० ते २५०० मध्ये. ताकद ठरते टॉर्क, म्हणजे इंजिनाचा फिरवण्याचा जोर (तो न्यूटन मीटरमध्ये मोजतात), आणि आरपीएमच्या गुणाकारावर. २००० आरपीएमला १०० न्यूटन मीटर देणारं इंजिन त्या घडीला जेमतेम २८ घोडे काढतं. त्याच आरपीएमला १७० देणारं छोटं टर्बो ४८ काढतं. माझं घोडं त्या ट्रकमागे अडलं ते इथे.

टर्बोवाल्यांनी लगेच हुरळू नये. १५०० च्या खाली बरीच टर्बो इंजिनं पेंगतात, स्पीडब्रेकर आला की गिअर उतरवा. मुंगीच्या पावलाने सरकणाऱ्या गर्दीत मला माझी जुनीच बरी वाटते. उंच डोंगरात मात्र टर्बोला तोड नाही. हवा विरळ होते तशी साध्या इंजिनाची ताकद दर हजार मीटरला साधारण दहा टक्के घटते.

आणि सपाट रस्त्यावर ताशी ८० च्या एकसारख्या वेगाने जायला छोट्या गाडीला लागतात किती? दहा-बारा घोडे. बाकीचे बसून खातात. शहरातल्या शहरात एकट्याने फिरणारा माणूस १२० घोड्यांचे जादा पैसे का मोजतो, हे मला न सुटलेलं कोडं आहे. हौस असेल तर असो.

टेस्ट ड्राइव्हला शोरूमवाला सपाट, मोकळ्या रस्त्यावर नेतो. तिथे कुठलीही गाडी पळते. घरचे चौघे बसवा, एसी लावा, चढ शोधा आणि दुसऱ्या गिअरमध्ये हळू येऊन पाय दाबा. शोरूमवाला तोंड वाकडं करेल. करू दे.