मागचा पांढरा दिवा लागला की थांबा

आज जरा स्पष्टच लिहिते. राग आलाय आणि तो उतरायच्या आत लिहायचंय.

आईचा गुडघा दाखवायला प्रभात रोडच्या एका गल्लीत गेलो होतो. दवाखान्याच्या अगदी दारात, दोन गाड्यांच्या मध्ये जागा मोकळी. पी वन-पी टूची, म्हणजे सम-विषम तारखेच्या पार्किंगची पाटी आणि तारीख बघून घेतली, इंडिकेटर दिला, गाडी पुढे घेतली, रिव्हर्स टाकला, म्हणजे मागचा पांढरा दिवाही लागला. आरशात बघते तर मागची पांढरी एसयूव्ही नाक घालून अर्धी जागेत! काच खाली करून म्हटलं, अहो, मी लावतेय ना इथे. तर तो गृहस्थ म्हणतो, "मॅडम, जमत नसेल तर ड्रायव्हर ठेवा." मी स्टिअरिंग फिरवायलाही घेतलं नव्हतं हो अजून. तोवर मागून हॉर्न सुरू. आई म्हणाली, "जाऊ दे गं, पुढे बघू." पुढे म्हणजे पार कॅनॉल रोडला.

गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला माहीत असायला हवं असं साधं गणित आहे. वळतात ती पुढची चाकं. मागची चाकं नुसती आतल्या बाजूने ओढली जातात. म्हणून दोन गाड्यांच्या मधल्या जागेत गाडी रिव्हर्सनेच नीट बसते. त्यासाठी आधी जागा ओलांडून पुढच्या गाडीच्या शेजारी उभं राहावंच लागतं. मग हळूहळू मागे येत स्टिअरिंग पूर्ण कडेला, गाडी तिरकी आत शिरली की सरळ, आपलं नाक पुढच्या गाडीच्या बंपरवरून सुटलं की उलटं पूर्ण. पुढे गेलेल्या माणसाला जागा नकोय असं नसतं, तो जागा घ्यायलाच पुढे गेलेला असतो. आणि नाकाने घुसलेल्या त्या एसयूव्हीचं काय झालं? ती बसलीच नाही. मागचा भाग रस्त्यात तसाच तिरका, आणि तिच्यामुळे येणारी-जाणारी प्रत्येक रिक्षा अडतेय. तो मात्र किल्ली फिरवत आत जाऊन बसला. आम्ही पोचलो तेव्हा त्याच वेटिंग रूममध्ये मोबाईल बघत होता. आई काठी टेकत आत आली, तरी मान वर केली नाही त्याने.

बाई स्टिअरिंगवर दिसली की हॉर्न लवकर वाजतो. हे मी कुणाला पटवून देत बसणार नाही. माझ्या यादीतल्या प्रत्येक मैत्रिणीला हे माहीत आहे.

हो, काहीजण भर रहदारीत उगाच पुढे-मागे, पुढे-मागे करत बसतात, मान्य. पण त्यांना शिकवलंय कुणी? क्लासवाले सकाळच्या रिकाम्या रस्त्यावर क्लच-गिअर शिकवतात, रिव्हर्स परीक्षेपुरता घोटून घेतात. भोसरीला लायसन्सच्या परीक्षेच्या ट्रॅकवर रिव्हर्स दाखवताना मागे कुणी हॉर्न वाजवत नसतं, कुणी बाईक मधून घालत नसतं. १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांना मागचे सेन्सर सक्तीचे झाले, चांगलंच झालं. भिंत जवळ आली की ते ओरडतात. पण मागच्या माणसाला दोन हात लांब थांबायला कोण सांगणार? तो चिकटून उभा राहिला की सेन्सर नुसता केकाटतो आणि नवशिक्याचा उरलासुरला धीरही जातो.

एसटी फलाटावरून मागे निघते ते आठवा. कंडक्टर खाली उतरतो, मागे उभा राहून शिटी वाजवतो, "येऊ दे, येऊ दे..." आणि मागचे सगळे गुपचूप थांबतात. रोज एवढी मोठी गाडी मागे घेणाऱ्या ड्रायव्हरलाही मागे माणूस लागतो. त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही.

कॅनॉल रोडला एका इमारतीच्या वॉचमनकाकांनी आज हेच केलं. मी न सांगता उठून मागे आले, हाताने सगळी रहदारी थोपवली, "या ताई, आरामात या, अजून आहे जागा." गाडी एका दमात लागली. मग आतून आपली खुर्ची आणून आईला म्हणाले, "आजी, दोन मिनिटं टेका, मग निघा." आई परत येताना त्यांच्यासाठी बिस्किटाचा पुडा घ्यायला विसरली नाही. हे लिहिताना राग जरासा निवलाय खरा. त्या एसयूव्हीवाल्यालाही कदाचित दुखतखुपत असेल. दवाखान्यात हौसेने कोण येतं? तरीही, काठीवाल्या बाईला खुर्ची द्यायला काय जात होतं, हे मला अजून कळलेलं नाही.

असो. भाचीचं लायसन्स नुकतंच आलंय. रविवारी सकाळी सातला सोसायटीमागच्या मैदानात दोन जुने ड्रम ठेवून मी तिला समांतर पार्किंग शिकवणार आहे. ज्यांना भीती वाटते त्यांनी खुशाल या, आपली गाडी घेऊन या. तिथे मागून कुणीही हॉर्न वाजवणार नाही. कॉमेंटमध्ये नाव टाका, म्हणजे चहाचा थर्मास त्या हिशोबाने आणते.