नावेत बसण्याआधी नांगर बघा

18 जानेवारी 2024 ला हरणी तलावात नाव उलटली, 12 मुलं आणि 2 शिक्षिका गेल्या. तेव्हापासून बडोद्यात नावेत चढताना लोक जॅकेट मागतात, डोकी मोजतात. ते हवंच. पण नावेत नांगर आहे का, हे विचारणारं मला अजून कोणी भेटलेलं नाही. नर्मदा परिक्रमेला निघणाऱ्या आपल्या मंडळींनी तर ते विचारलंच पाहिजे.

परिक्रमेत नर्मदा समुद्राला मिळते तिथे, विमलेश्वरहून पलीकडच्या मिठी तलाईला नाव भरती बघून सुटते. खंभातच्या आखातात भरती-ओहोटीचा फरक 10 मीटरच्याही वर जातो. मध्येच इंजिन बंद पडलं तर ओहोटी नावेला समुद्राकडे खेचते, नाहीतर रेतीवर चढवते. तिला थोपवणारी वस्तू एकच, नांगर.

तोही दोर पुरेसा असेल तरच. ओहोटीला पाणी 3 मीटर, नाळ (नावेचं पुढचं टोक) पाण्याच्या 1 मीटर वर, आणि भरतीने पाणी 8 मीटर चढणार असेल तर खोली धरायची 12 मीटर. त्याच्या पाचपट म्हणजे 60 मीटर दोर सोडायचा. वारा असेल तर सातपट, 84. दोर तोकडा पडला की ओढ वरच्या अंगाला बसते आणि रुतलेला नांगर उखडतो. नांगराजवळ काही मीटर साखळी असली की तिच्या वजनाने ओढ आडवी राहते. आणि नांगर टाकायचा तो नाळेवरून. मागून टाकलात तर जोराच्या प्रवाहात मागच्या बुटक्या बाजूने पाणी आत येतं. मग काठावरचं देवळाचं शिखर आणि त्यामागचं एखादं झाड एका रेषेत धरून बघत राहा. दोन्ही एकमेकांपासून सरकतच राहिली तर नांगर घसरतोय.

दहेज बंदराकडे मोठी जहाजं येतात, त्यामुळे अगदी नाइलाज असल्याशिवाय त्यांच्या वाटेत थांबू नये. ही वाट बोयांवरून, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या रंगीत खुणांवरून कळते. आपल्याकडे समुद्रातून बंदरात शिरताना लाल बोया डावीकडे, हिरवा उजवीकडे. बाहेर पडताना उलट. यूट्यूबवरचे अमेरिकन व्हिडिओ बघून शिकू नका, त्यांच्याकडे शिरताना लाल उजवीकडे असतो! काळ्या-पिवळ्या बोयावर दोन्ही शंकू टोक वर करून असतील तर सुरक्षित पाणी त्याच्या उत्तरेला. रात्री नांगरलेल्या नावेवर चहूबाजूंनी दिसणारा पांढरा दिवा हवाच.

हे सगळं प्रवाशाने पाठ करावं असं नाही. पण चढण्याआधी तांडेलला, म्हणजे नाव चालवणाऱ्याला, एवढं नक्की विचारा: "काका, लंगर क्यां छे? दोरडुं केटलुं छे?" त्याने दाखवलं नाही तर दुसरी नाव बघा, भले त्या दिवसाची भरती चुकली तरी चालेल.