अंधारात खुनी शोधणाऱ्यांसाठी

खुनाची मालिका नुसती बघायची नसते. त्यातून ती गंभीर, अंधारी, आठ भागांची आणि समीक्षकांनी डोक्यावर घेतलेली असेल तर मुळीच नाही. ती बघून झाल्यावर आपण तिच्यापेक्षा दोन पावलं पुढे होतो, हे चारचौघांत सिद्ध करायचं असतं. बऱ्याच जणांना हे कळतच नाही. ते बिचारे बसतात, बघतात, दचकतात, आणि शेवटी खुनी सापडला की "अरे बापरे" म्हणून झोपायला जातात. अशा माणसाला दुसऱ्या दिवशी कुणी हिंग लावून विचारत नाही. तुमची तशी गत होऊ नये म्हणून हा लेखनप्रपंच.

सुरुवात प्रेतापासून. पहिल्या पाच-सात मिनिटांत ते सापडतंच. बहुतेक वेळा ते तरुण मुलीचं असतं आणि सापडण्याची जागा अतिशय देखणी असते. तळं असतं, तळ्यावर धुकं असतं, काठावर एखादं निष्पर्ण झाड असतं आणि वरून कॅमेरा घारीसारखा घिरट्या घालत असतो. इथे तुमच्या तोंडून निघायला हवं ते वाक्य म्हणजे, "काय फ्रेम आहे!" मुलीबद्दल हळहळू नका. हळहळायला काय, कुणीही हळहळतं. फ्रेम कळायला अभ्यास लागतो.

मग लगेच खुनी ओळखायचा. श्रेयनामावली संपायच्या आत ओळखलात तर उत्तम. पद्धत अगदी सोपी आहे. ज्याला गोष्टीत काही काम नाही पण ज्याचा चेहरा ओळखीचा आहे, तो खुनी. एवढ्या नावाजलेल्या नटाला नुसतं दार उघडून "साहेब घरी नाहीत" म्हणायला कोण बोलावेल? हा तर्क पुराव्याचा नसून मानधनाचा आहे, पण फसत नाही सहसा. तरीही एकावर विसंबू नका. दर भागाला एक नवा संशयित जाहीर करत चला. आठ भागांत आठ झाले की त्यातला एक कुठेतरी लागतोच, आणि "मी तर दुसऱ्याच भागात म्हटलं होतं" हे वाक्य बिनधोक वापरता येतं. उरलेल्या सात निरपराध्यांची माफी मागण्याची पद्धत नाही.

आपल्याला हे वेड नवीन लागलेलं नाही. १९८० साली 'डॅलस' मालिकेत जे. आर. नावाच्या तेलसम्राटावर २१ मार्चला गोळ्या झाडल्या गेल्या आणि त्या कुणी झाडल्या ते प्रेक्षकांना कळलं २१ नोव्हेंबरला. आठ महिने लोक एकमेकांना तेच विचारत होते. गुपित फुटू नये म्हणून वेगवेगळ्या नटनट्यांच्या हातात पिस्तूल देऊन तोच प्रसंग चित्रित करून ठेवला होता म्हणतात. म्हणजे सेटवरच्या माणसांनाही आपणच खुनी असल्याची धास्ती. शेवटी निघाली मेहुणी. तेव्हाही आठ महिने आधी ओळखलेले लोक असंख्य निघाले असणार, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

पण प्रेक्षक म्हणून आपली खरी उंची दिसली ती १९९० मध्ये, 'ट्विन पीक्स'च्या वेळी. लॉरा पामरला कुणी मारलं, हा प्रश्न. दिग्दर्शक डेव्हिड लिंच यांना त्याचं उत्तर देण्याची घाई तर सोडाच, इच्छाही नव्हती. ते कोडं तसंच ठेवून गावातल्या माणसांची गोष्ट सांगायची होती. वाहिनी हटून बसली, लोकही कावले. शेवटी त्याच वर्षी नोव्हेंबरात नाव सांगून टाकलं. नाव कळल्यावर लोकांनी काय केलं? बघायचं सोडून दिलं. पुढच्या वर्षी मालिका बंद. तेव्हा लक्षात ठेवा : उत्तर मिळेपर्यंत "किती ताणतात!" म्हणायचं आणि मिळालं की "मजा गेली" म्हणायचं. दोन्ही तक्रारी एकाच तोंडाने करता आल्या पाहिजेत.

२०११ साली 'द किलिंग'ची अमेरिकन आवृत्ती आली. पहिल्या हंगामाचे तेरा भाग संपले तरी खुनी सापडला नाही, तेव्हा लोक असे भडकले की जणू त्यांच्याच घरचा तपास पोलिसांनी अर्धवट सोडला होता. मूळ मालिका डेन्मार्कची, २००७ ची. तिने वीस भागांत, दर भागाला एक दिवस याप्रमाणे एका खुनाचा तपास केला होता. त्यातली तपास अधिकारी सारा लुंड एक जाड लोकरी स्वेटर घालून फिरते. तो स्वेटर इतका गाजला की लोकांनी त्याची वीण शोधून काढून तसाच विणला. मलाही तो स्वेटर डोळे मिटले तरी दिसतो : पांढुरका, त्यावर बारीक काळी नक्षी. खून झालेल्या मुलीचं नाव नाना बिर्क लार्सन होतं. हे मात्र मला आत्ता, लिहिताना, शोधावं लागलं. असो. नावाने काय होतंय, वीण महत्त्वाची.

आता मुख्य विषय, अंधार.

पूर्वी अंधाराचा फायदा खुनी घ्यायचा, आता दिग्दर्शक घेतो. तपास अधिकारी कुठल्याही घरात शिरला की दिव्याचं बटण दाबत नाही, हा नियम आहे. घरात वीज असते, फ्रीज गुरगुरत असतो, पण हा पठ्ठ्या टॉर्च काढतो आणि तो आधी सरळ आपल्या डोळ्यांवर मारतो. मग पुढची अकरा मिनिटं कुणीतरी कुठेतरी चालत असतं. पावलं वाजतात. काहीतरी पडतं. सहकारी कुजबुजतो, "हे बघितलंस?" तो कुणाला विचारतोय कोण जाणे, आपण तर काहीच बघितलेलं नसतं.

यावर "काही दिसत नाही" असं म्हणायचं नाही. म्हणाल तर तुमच्यावरच उलटेल. २०१९ मध्ये 'गेम ऑफ थ्रोन्स' मालिकेच्या लढाईच्या भागामुळे (ती गुन्हेकथा नव्हे, पण अंधारात तिने भल्याभल्या गुन्हेकथांवर कडी केली) जगभर लोक टीव्हीच्या जवळ जाऊन डोळे बारीक करून बसले होते. त्यावर छायाचित्रकार फेबियन वॅग्नर यांचं म्हणणं असं, की लोकांना आपापले टीव्ही नीट जुळवता येत नाहीत हा प्रश्नाचा मोठा भाग आहे. थोडक्यात, खुनी सापडला : तुम्ही.

आता त्यांची बाजूही थोडी समजून घ्या, म्हणजे शरणागती पत्करणं सोपं जाईल. चित्राची रंगजुळणी होते ती खोली जवळजवळ काळोखी असते. समोर मोजूनमापून बसवलेला मॉनिटर असतो. नेहमीच्या, म्हणजे एचडीआर (उजेड-अंधाराचा जास्त पल्ला दाखवणारं तंत्र) नसलेल्या चित्रासाठी त्यावरचा सगळ्यात उजळ पांढरा १०० निट्सवर (निट हे उजळपणाचं माप) ठेवायचा असा दंडक आहे. तिथे बसलेल्या माणसाला तळघरातल्या कोळ्याचे पायसुद्धा मोजता येतात. तुम्ही बसता दिवाणखान्यात, मागे उघडी खिडकी, वर ट्यूबलाइट. शिवाय ते चित्र तुमच्यापर्यंत इंटरनेटवरून येतं ते दाबून, चेपून, आणि ही कात्री सगळ्यात आधी गडद छटांवर चालते. आठ बिटांच्या चित्रात प्रत्येक रंगाला काळ्यापासून टोकापर्यंत २५६ पायऱ्या. त्यातल्या तळाच्या वीस-पंचवीस पायऱ्यांवर अख्खा प्रसंग उरकलेला असेल तर भिंतीवरची सावली सावलीसारखी न दिसता नकाशातल्या डोंगरासारखी कड्याकड्यांची दिसते. त्यात तुमच्या टीव्हीवर हालचाल गुळगुळीत करणारी ती सोय चालू असली की मग बघायलाच नको. गळा दाबण्याचा प्रसंगसुद्धा दुपारच्या कौटुंबिक मालिकेतल्यासारखा लखलखीत दिसतो.

मी हे सगळं वाचून एकदा हट्टाला पेटलो. पडदे ओढले, दिवे मालवले, ब्राइटनेस शेवटच्या टोकाला नेला. तळघराचा प्रसंग चालू होता. उजव्या कोपऱ्यात मला एक आकृती दिसली. मी लगेच थांबवलं. बसलेला माणूस, पोट पुढे आलेलं, खांदे पडलेले, हातात काहीतरी लांबट धरलेलं. शस्त्र असावं. त्याच्यामागे आणखी कुणीतरी, उभं. माझ्या अंगावर सरसरून काटा आला. आतापर्यंत कुणाच्याही लक्षात न आलेला दुसरा साक्षीदार! मी पुढे झुकलो तसा तोही पुढे झुकला. हातात रिमोट होता. मागे उभी असलेली आकृती म्हणाली, "काय रे, बंद पडलाय का हा?"

आईचा प्रश्न वाटतो तितका भोळा नाही. १० जून २००७ रोजी 'द सोप्रानोज' मालिकेच्या शेवटच्या प्रसंगात पडदा एकाएकी काळा झाला आणि काही सेकंद तसाच राहिला, तेव्हा ऐन वेळी केबल गेली असं समजून कित्येकांनी कपाळाला हात लावला होता. तो शेवट होता. त्याचा अर्थ लावण्याचं काम अजून चालू आहे. तेव्हा पडदा काळा झाला तर आधी गंभीर चेहरा करा आणि वायर नंतर तपासा.

रंगांबद्दल फार बोलत नाही. निळसर-करडं म्हणजे माणसं आतून मेलेली. पिवळं म्हणजे गोष्ट सरहद्दीपलीकडच्या उष्ण देशात गेली. हिरवट दिसलं तर इस्पितळ किंवा शवागार. एवढं पुरतं. संवाद पुटपुटतात त्याला सबटायटल हाच इलाज, मग भाषा तुमची स्वतःची असली तरी. तपास अधिकाऱ्याचा घटस्फोट झालेला असतो आणि मुलगी त्याच्याशी बोलत नाही, हे दर वेळी नव्याने कळल्यासारखं ऐकून घ्या.

खरी कसोटी लागते ती प्रतीकांत. २०१४ साली 'ट्रू डिटेक्टिव्ह' आली तेव्हा आपल्या जमातीने कमाल केली. मालिकेत 'यलो किंग' असा उल्लेख आला म्हणून लोकांनी १८९५ सालचा एक विस्मृतीत गेलेला कथासंग्रह उकरून काढला, तो धडाधड खपायला लागला. दोन नायकांपैकी एकाच्या लहान मुलीने बाहुल्या कशा मांडल्यात, भिंतीवर कसली चित्रं आहेत, बिअरचे डबे कापून दुसऱ्याने किती माणसं केली, सगळ्याचा हिशेब मांडून झाला. चौथ्या भागाच्या शेवटी जवळजवळ सहा मिनिटांचा एकसलग शॉट आहे, तो किती मिनिटांचा आहे हे सांगण्यात लोक इतके गुंतले की त्यात चाललंय काय हे विचारायची सोयच राहिली नाही. शेवटच्या भागाच्या रात्री एवढी झुंबड उडाली की दाखवणारी ऑनलाइन सेवाच कोलमडली. आणि एवढं करून खुनी कोण निघाला? एक माणूस. नुसता माणूस! ना विश्वाचं रहस्य, ना पिवळा राजा. किती जणांची किती आठवड्यांची मेहनत पाण्यात गेली, याचा लेखकाने काही विचार करायचा की नाही?

म्हणून शेवटच्या भागानंतर काय बोलायचं ते आधीच पाठ करून ठेवा : "शेवट गंडला." शेवट उलगडला तर "फारच सोपा केला", नाही उलगडला तर "यांनाच माहीत नव्हतं". चांगलाच झाला तर "पुस्तकात जास्त चांगला होता" म्हणा; पुस्तक नसलं तरी चालतं, सहसा कुणी तपासत नाही.

एकच धोका आहे, आणि तो घरातच असतो. परवा आम्ही एक मालिका संपवली. खुनी सापडला, माझ्या आठ संशयितांपैकी सातवा. मी "दुसऱ्याच भागात म्हटलं होतं" म्हणून पाय ताणले. आई आठही भाग निम्मी डुलक्या घेत, निम्मी "हा कोण?" विचारत बसलेली. तिने चष्मा पुसला आणि म्हणाली, "अरे, पण त्या मुलीची आई? पहिल्या भागात रात्रभर दारात उभी होती ती. तिला शेवटी कुणी जाऊन सांगितलं का?"

अशा वेळी गडबडून जायचं नाही. "आई, तो मेन ट्रॅक नव्हता गं," असं शांतपणे सांगायचं. तोवर पडद्याच्या कोपऱ्यात आकडे उलटे मोजायला लागलेले असतात. चार, तीन, दोन. दुसरा सीझन, नवं तळं, नवं धुकं, काठावर पांढरं काहीतरी. काय फ्रेम आहे!