पंप सुटत नाही म्हणे!

गेल्या आठवड्यात आमच्या घरच्या ग्रुपवर तो मेसेज पुन्हा आला. वर 'फुफ्फुसाचे पेशंट असाल तर नक्की वाचा', खाली हात जोडलेली पाच चित्रं. पाठवणाऱ्या थोरल्या जाऊबाई, म्हणजे आमच्या अक्का. मजकूर थोडक्यात असा: सीओपीडी (फुफ्फुसातल्या नळ्या कायमच्या अरुंद होऊन धाप लागते तो आजार) हा विडी-सिगारेटवाल्यांचा आजार, पंप म्हणजे इनहेलर एकदा तोंडाला लागला की मरेपर्यंत सुटत नाही, त्यानं फुफ्फुसं आळशी होतात, चालणं, जिने बंद करून पूर्ण विश्रांती घ्या, कापूर-ओव्याची पुरचुंडी २१ दिवस हुंगा, फुफ्फुसं धुऊन निघतील, आणि ऑक्सिजन लागला म्हणजे माणूस संपला.

मार्चमध्ये माझा सीओपीडीचा रिपोर्ट आला तेव्हा हाच मेसेज वाचून मी नवा पंप कपाटात साड्यांच्या घडीखाली ठेवून दिला होता. दीड महिना. म्हणून या वेळी उत्तर लिहायला बसले.

विडी-सिगारेटचं आधी. मी आयुष्यात विडीला हात लावलेला नाही. हात लावला तो फुंकणीला, आठव्या-नवव्या वर्षापासून. पावसाळ्यात लाकडं ओली, शेणी सादळलेल्या, डोळे चोळत फुंकत बसायचं आणि धूर कौलांतून वाट मिळेल तसा जायचा. लग्नानंतर गॅस आला, पण अंघोळीचं पाणी पुढं कितीतरी वर्षं बंबावरच. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं होतं की सीओपीडीच्या रुग्णांपैकी अंदाजे २५ ते ४५ टक्के लोकांनी कधीच धूम्रपान केलेलं नसतं. मच्छरच्या कॉइलचंही तसंच. एक कॉइल जळून संपेपर्यंत जितके सूक्ष्म कण सोडते, तितके सोडायला ७५ ते १३७ सिगारेटी लागतात, असं २००३ सालच्या एका अभ्यासात निघालं. या समजुतीचा तोटा बायकांना जास्त होतो. 'तुम्ही कुठं विडी ओढता?' असं म्हणून मला चार वर्षं खोकल्याच्या बाटल्याच मिळाल्या. फुंकून करायची तपासणी, स्पायरोमेट्री, कुणी सुचवलीच नाही.

आता पंप. 'सुटत नाही' हे खरं आहे, पण सुटत नाही तो आजार. दम्यात होते तशी यातली नळी पूर्ण मोकळी होत नाही, म्हणून औषध रोज लागतं. तंबाखूची लागते तशी तलफ पंपाची लागत नाही. फुफ्फुसं आळशी होण्याचा तर प्रश्नच नाही, औषध नळ्यांभोवतीचे आवळलेले स्नायू सैल करतं, एवढंच.

'पंप नको, साधी गोळी द्या' असं मीही म्हणाले होते. तेव्हा डॉक्टरांनी रिपोर्टच्या पाठीमागं हिशोब मांडून दाखवला. नळ्या मोकळ्या करणाऱ्या सॅल्ब्युटॅमॉल या औषधाच्या पंपाच्या एका दाबात औषध १०० मायक्रोग्रॅम. त्याच औषधाची गोळी ४ मिलिग्रॅमची, म्हणजे ४००० मायक्रोग्रॅम. एक गोळी बरोबर चाळीस दाब! आणि ती पोटातून रक्तात, रक्तातून सगळ्या अंगभर. मग हात थरथरतात, छाती धडधडते. पंपाचं औषध जिथं हवं तिथंच बरंचसं पोचतं, म्हणून इतकं थोडं पुरतं.

घडीखालून पंप काढल्यावरही पहिले आठ दिवस माझ्या तोंडातून नुसता पांढरा धूर बाहेर यायचा. दाबायचं आधी आणि ओढायचं नंतर, असं चाललं होतं. दवाखान्यातल्या सिस्टरनी स्पेसर, म्हणजे तो प्लास्टिकचा फुगीर डबा, जोडून दिला तेव्हा जमलं. काळजी घ्यायची ती अशी: पंपात स्टेरॉइड असेल तर नंतर खळखळून चूळ भरायची, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी धरते. आणि धाप लागल्यावर घ्यायचा पंप एरवीपेक्षा वरचेवर लागायला लागला, तर त्याला सवय म्हणून सोडून देऊ नका. आजार बळावल्याची ती खूण असते, डॉक्टरकडे जा.

विश्रांतीचा सल्ला ऐकायला गोड, पण मला सगळ्यात महाग पडला. धाप लागते म्हणून बसायचं, बसून मांड्यांतलं बळ जायचं, मग दारापर्यंत गेलं तरी धाप. दीड महिन्यात गच्चीच्या चौदा पायऱ्या मला चढवेनात. खरी गोम अशी की या आजारात आधीची हवा नीट बाहेर पडत नाही. श्वास सोडताना बारीक नळ्या मिटतात आणि जुनी हवा आतच अडकते. म्हणून नाकानं दोन मोजेपर्यंत आत, ओठ आवळून चार मोजेपर्यंत सावकाश बाहेर. शिकवणाऱ्या फिजिओथेरपिस्ट पोरीला मी म्हटलं, अगं, ही तर फुंकणी! फक्त तेव्हा जोर लावायचो, आता लावायचा नाही. या उन्हाळ्यात पापड गच्चीवर मीच वाळत घातले, दोन ठिकाणी थांबून.

कापूर-ओवा कपड्यांत ठेवा. २०२१ मध्ये हीच पुरचुंडी ऑक्सिजन वाढवते म्हणून फिरत होती. नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, रक्तातला ऑक्सिजन होता तिथंच राहतो.

ऑक्सिजनचं तर अगदी उलटं आहे. १९८० साली अमेरिकेतल्या आणि १९८१ साली ब्रिटनमधल्या चाचण्यांत दिसलं की ज्यांचा ऑक्सिजन कायमच फार कमी असतो, ते दिवसातले निदान १५ तास तो घेतल्यानं जास्त जगतात. सगळ्यांना लागतो असं मुळीच नाही, मला लागत नाही. मात्र शेजारच्यांचं मशीन उसनं आणून मनानं प्रवाह वाढवायचा नाही. काहींच्या रक्तात त्यामुळं कार्बन डायऑक्साइड साठतो.

फ्लू आणि न्यूमोनियाच्या लशींबद्दल, ओढणाऱ्यानं आज सोडली तर पुढची घसरण मंदावते याबद्दल, त्या मेसेजमध्ये अक्षर नाही.

एवढं सगळं ग्रुपवर टाकलं. दिवसभर शांतता. रात्री अक्कांचा मेसेज आला, फक्त मला: 'भावजींचा खोकला तुला माहीतच आहे. ती फुंकायची तपासणी उपाशीपोटी करतात का गं?'

'नाही अक्का,' मी लिहिलं, 'फक्त त्याआधी दोन तास पोटभर जेवू देऊ नका. आणि बंडीच्या खिशातली विडी त्या दिवशी घरीच राहू दे.'