ऱ्होड्सचा 'मध्ययुगीन' राजवाडा १९४० चा आहे बरं का!

ग्रीसमधल्या ऱ्होड्स बेटावरचं तटबंदीतलं जुनं शहर बघून आले, तेव्हापासून हे डोक्यात घोळतंय म्हणून लिहूनच टाकते. शहर सुंदर आहे, वादच नाही. तटाच्या आत अजून लोक राहतात, दोरीवर कपडे वाळत असतात, मांजरं तर गल्लोगल्ली. पण क्रूझवरून उतरलेली सगळी पब्लिक ज्या ग्रँडमास्टरच्या राजवाड्यासमोर फोटो काढत असते ना, तो बराचसा इटालियन लोकांनी १९३७ ते ४० मध्ये बांधलाय, तेव्हा बेट इटलीच्या ताब्यात होतं! मूळचा नाइट्स लोकांचा (सेंट जॉनच्या नावाचा ख्रिस्ती लढवय्यांचा पंथ, ग्रँडमास्टर म्हणजे त्यांचा प्रमुख), चौदाव्या शतकातला, पण १८५६ मध्ये जवळच साठवलेल्या दारूगोळ्याचा स्फोट झाला आणि त्याचा पार ढिगारा झाला. मग मुसोलिनीच्या काळात इटलीच्या राजाला सुट्टीत राहायला म्हणून दणक्यात उभा केला, आणि आतली मोझाइकची फरशी चक्क शेजारच्या कोस बेटावरून उचलून आणली.

पुन्हा बांधला याबद्दल माझी तक्रार नाही. खुपतं ते वेगळंच. १५२२ मध्ये ऑटोमन तुर्कांच्या सुलतान सुलेमानने सहा महिने वेढा घालून शहर घेतलं, पुढे १९१२ पर्यंत तिथे ऑटोमन राज्य, म्हणजे जवळजवळ चारशे वर्षं, नाइट्सच्या जवळपास दुप्पट झाली की हो! त्या काळात नाइट्सच्या रस्त्यावरच्या घरांना लाकडी सज्जे आले होते ते इटालियनांनी उतरवून टाकले, कारण त्यांना फक्त नाइट्सचाच काळ दाखवायचा होता. आता तो रस्ता इतका चकाचक आणि एकसारखा दिसतो की शूटिंगचा सेट वाटतो. आणि नाइट्स तरी कुठे तिथले, तेही बाहेरूनच येऊन १३०९ च्या सुमारास बेट बळकावून बसलेले.

ज्यू मोहल्ल्यात मात्र कुणाची गर्दी नाही. तिथलं काहाल शालोम सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) १५७७ चं, ग्रीसमधलं चालू असलेलं सगळ्यात जुनं. जुलै १९४४ मध्ये जर्मनांनी बेटावरच्या सोळाशेहून जास्त ज्यूंना बोटीत कोंबून नेलं, तिथून पुढे ऑशविट्झच्या मृत्युछावणीत, परत आले ते जेमतेम दीडशेच्या आसपास. तुर्की कॉन्सुल सेलाहत्तिन उल्कुमेन यांनी भांडून चाळीसेक जणांना सोडवलं, त्यांचं नाव आपल्यापैकी किती जणांनी ऐकलंय? चौकात काळ्या दगडाचा स्मृतिस्तंभ आहे, जवळच सीहॉर्सचं कारंजं, आणि सेल्फी सगळे कारंज्यासोबत. काय बोलणार.

जाणार असाल तर माझं ऐका, राजवाड्याच्या तिकिटाच्या रांगेत उन्हात तापण्याआधी खंदकात उतरा. फुकट आहे, आणि तटाला लागून आरामात चालता येतं. दोन्ही बाजूंना अंगावर येणाऱ्या भिंती, गवतात दगडी तोफगोळे पडलेले, माणूस तुरळक. तिथे १५२२ चा वेढा जेवढा कळतो तेवढा वर एकाही दालनात कळत नाही. आणि चपला-सँडल नकोत, गल्ल्यांमध्ये गोटे उभे रोवून फरसबंदी केलीय, तळव्यांची वाट लागते, जाड तळाचे बूटच घाला.