मला वास येतो, माझा वास येतो

ठाण्याला मावसभावाच्या सोसायटीत महिनाभर एकच वाद पेटलाय: बोंबील तळताना दारंखिडक्या बंद ठेवा, अशी नोटीस लावायची की नाही. परवा तिथल्या एका काकांनी सुनावलं, "परदेशात असलं खपवून घेत नाहीत. तुझी बहीण लियाँला असते ना, तिलाच विचार." ती फ्रान्समधली बहीण मी.

काका, आमच्याकडे फ्रिजमध्ये मुन्स्टर चीज ठेवलं की दुधालाही वास लागतो. पाहुणे "सा सां फोर!" म्हणतात, म्हणजे काय उग्र आहे हो, आणि आणखी एक तुकडा कापून घेतात. जानेवारी २०२१ मध्ये तर इथे गावाकडचे आवाज आणि वास वारसा म्हणून कायद्यात घातले. कोंबड्याचं आरवणं, शेणाचा वास, सगळं! आईस्क्रीमवाला "कुठला पार्फं?" विचारतो तेव्हा त्याला चव विचारायची असते. कोणी डोक्यात जात असेल तर "मला त्याचा वास घेववत नाही" म्हणतात. इतकी नाकाची भाषा. तरी दरवळ, घमघमाट, भपकारा, कुबट, खवट यांच्यापुढे ती मला तोकडीच वाटते. 'खमंग'ला तर अजून शब्द सापडलेला नाही.

पण १९९१ मध्ये जाक शिराक, तेव्हाचे पॅरिसचे महापौर, ओर्लेआँच्या भाषणात स्थलांतरितांच्या शेजारी राहणाऱ्या फ्रेंच कामगाराची कड घेताना म्हणाले होते: "आवाज आणि वास". चार वर्षांनी ते राष्ट्राध्यक्ष झाले. तेव्हा काकांचं अगदीच चुकलं असं नाही. मुन्स्टर खपतं. माझी फोडणी खपेलच असं नाही.

इथल्या पहिल्याच हिवाळ्यात सुकट भाजून मी लिफ्टमध्ये शिरले. तिसऱ्या मजल्यावरच्या मादामने नाक उडवलं. मलाही माशाचा वास येतोय बाई, असं साळसूदपणे म्हणायला गेले: "ज सां ल प्वासाँ." मराठीत 'मला वास येतो' आणि 'माझा वास येतो' यात किती अंतर! फ्रेंचमध्ये दोन्हीला एकच वाक्य. मादाम गोड हसून म्हणाली, "उई."

तेव्हापासून तेल तापायच्या आधी सगळ्यांचे कोट आतल्या खोलीत जातात, दार लागतं, दाराखाली टॉवेल. मग ओत, म्हणजे शेगडीवरचा धूर ओढणारा पंखा, पूर्ण जोरात. सँदिकने, म्हणजे बिल्डिंगचं व्यवस्थापन बघणाऱ्यांनी, कधी काही कळवलेलं नाही, कोणी चिठ्ठी लावलेली नाही.

मावसभावाला मी लिहिलं, "आमच्या बिल्डिंगमध्ये अशी नोटीस नाही." खरंच नाही. टॉवेलचं लिहिलं नाही.