क्यूआर कोडवर नाव कोणाचं?

गेल्या रविवारी वांद्र्याला बचत गटांचं प्रदर्शन होतं. एका स्टॉलवरून मी नाचणीचे पापड आणि कुळथाचं पीठ घेतलं. स्टॉलवरच्या ताई हिशेबाला पक्क्या. सात-आठ पाकिटांची बेरीज त्यांनी तोंडी केली आणि दोनशे ऐंशी रुपये सांगितले. क्यूआर कोड स्कॅन केला तर मोबाइलवर एका पुरुषाचं नाव आलं. "मुलाचं खातं आहे," ताई म्हणाल्या, "पैसे आले की तो फोन करून सांगतो." आणि खरंच, पिशवी माझ्या हातात द्यायच्या आधी त्या मुलाच्या फोनची वाट बघत थांबल्या.

संध्याकाळी शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर हे सांगितलं, आणि मग दोन तास दुसरा विषय निघाला नाही: पैसा बाईच्या हातात राहत नसेल, तर तिला सक्षम म्हणायचं का?

नंदू बँकेतून निवृत्त झालाय. नाबार्डने १९९२ मध्ये ५०० बचत गटांना बँकेशी जोडून कर्ज द्यायचा प्रयोग सुरू केला, तेव्हा तो नोकरीत नवा होता. पुढची बरीच वर्षं त्याने तालुक्याच्या शाखांमध्ये काढली. तो एकदम उसळला. "अरे, त्या काळी बाईच्या एकटीच्या सहीवर कर्ज द्यायला कोणी धजत नव्हतं. या दहा-वीस जणी दर महिन्याला बैठकीला बसल्या, वही लिहिली, हप्ता चुकवला नाही. यापेक्षा वेगळं सक्षमीकरण काय असतं? आणि पैसे मुलाच्या खात्यात गेले म्हणजे घरातच गेले ना?"

"परतफेडीवरून बँकेची तब्येत कळते, बाईची नाही," शुभा म्हणाली. तिने पंधरा वर्षं गावोगावी सर्वेक्षणाचे फॉर्म भरून घेतलेत. बांगलादेशातल्या सूक्ष्म कर्जांवर ॲन मेरी गोएट्झ आणि रीना सेनगुप्ता यांनी १९९६ मध्ये केलेला अभ्यास तिने सांगितला. कर्ज बायकांच्या नावावर होतं, पण त्यातल्या मोठ्या हिश्श्यावर ताबा नवऱ्याचा किंवा घरातल्या दुसऱ्या पुरुषाचा होता. हप्त्याची जबाबदारी मात्र बाईच्याच अंगावर. "कागदावर या सगळ्या उद्योजिका. आणि लांब कशाला जायचं? बचत गटांतल्या बायकांसाठीची आपली सरकारी लखपती दीदी योजना बघ. वर्षाला लाख रुपये हा निकष आहे, पण तो कुटुंबाच्या उत्पन्नाचा. नाव दीदीचं, मोजणी घराची."

इथे मला नंदूची बाजू नीट सांगितली पाहिजे, कारण त्याचा मुद्दा हलका नव्हता. घर एकच असतं, असं तो म्हणत होता. नवऱ्याच्या दुकानात पैसा जास्त फिरत असेल तर बायको तो तिथे घालणारच, आणि त्यात शहाणपण आहे. गंमत म्हणजे याला आधार शुभानेच दिला. श्रीलंकेत छोट्या धंद्यांना दहा-वीस हजार श्रीलंकन रुपयांची मदत दिली होती. पुरुषांचा नफा वाढला, बायकांचा वाढलाच नाही. बायकांच्या धंद्यात दम नाही, असा अर्थ लोकांनी काढला. पुढे तेच आकडे पुन्हा तपासले तेव्हा कळलं की ज्या घरात बाईचाच एकटीचा धंदा होता, तिथे तिचाही नफा वाढला होता. जिथे नवऱ्याचाही धंदा होता, तिथे पैसा त्याच्याकडे वळला होता.

"मग? घराचं नुकसान कुठे झालं?" नंदू.

"घराचं नाही झालं. पण आपण घर मोजायला निघालो होतो का?" मग तिने मॅसिडोनियाची गोष्ट सांगितली, आणि मला ती अजून पुरती पचलेली नाही. तिथे गरीब कुटुंबांना सरकारी मदत मिळते. संशोधकांनी बायकांना विचारलं, की ही रक्कम नवऱ्याच्या हातात न जाता तुमच्या हातात यावी म्हणून तुम्ही किती कमी घ्याल? कितीतरी बायका खरोखर कमी पैसे घ्यायला तयार झाल्या. घराला मिळणारी रक्कम घटली तरी चालेल, पण जी येईल ती माझ्या हातात येऊ दे. घर जर एकच असेल, तर ही किंमत त्या कशासाठी मोजत होत्या?

नंदू बराच वेळ मैदानाकडे बघत बसला.

दिन्या एवढा वेळ गप्प होता. त्याची वहिनी चिपळूणजवळच्या गावात पिठाची गिरणी चालवते, मिरची कांडपही करते. गटाच्या कर्जातूनच घेतलंय सगळं. "तुम्ही पैसेच मोजताय," तो म्हणाला. "गिरणी आली, पण धुणंभांडी कोणी काढून घेतली? ती साडेचारला उठते. पूर्वी साडेपाचला उठायची." हे मला आमच्या सगळ्या चर्चेपेक्षा जड वाटलं. भारताच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणारी बाई त्यावर दिवसाला २९९ मिनिटं घालवत होती, आणि घरकामाला हात लावणारा पुरुष ९७. शेतीतल्या स्त्रियांचं सक्षमीकरण मोजायला २०१२ मध्ये जो निर्देशांक आला, त्यात म्हणूनच दिवसाचे तास मांडतात. साडेदहा तासांहून जास्त काम असेल तर त्या रकान्यात ती बाई सक्षम धरली जात नाही, मग कमाई कितीही असो. माझ्या मते हा रकाना प्रत्येक योजनेच्या फॉर्मवर पहिला हवा. उत्पन्न दुप्पट झालं आणि झोप तासाने कमी झाली, तर त्याला निव्वळ यश म्हणायचा अधिकार आपल्याला नाही.

"आणि विचारायचं कसं, तेही बघ," शुभा म्हणाली. घरात निर्णय कोण घेतं असं विचारलं की बहुतेक घरांत एकच उत्तर येतं, 'दोघं मिळून'. म्हणून ती असं विचारतच नाही. गेल्या वेळी मोठी वस्तू काय आणली? पैसे कोणी काढले? तुम्ही नको म्हणाला असतात तर काय झालं असतं? यातला शेवटचा प्रश्न खरा. स्त्रियांच्या सक्षमीकरणावर काम करणाऱ्या अभ्यासक नायला कबीर यांनी १९९९ मध्ये हेच मांडलं होतं, की वेगळं काही निवडता आलं असतं का, ते बघा. फिलिपिन्समध्ये बायकांना त्यांच्या एकटीच्या नावावर, ठरवलेली तारीख किंवा रक्कम गाठेपर्यंत पैसे काढता येणार नाहीत अशी बचत खाती दिली, तर ज्यांचं घरात फारसं चालत नव्हतं त्यांच्याकडे शिलाई मशीनसारख्या वस्तू दिसायला लागल्या. मशीन डोळ्याला दिसतं. 'दोघं मिळून' दिसत नाही.

"पण काकू, सीआरपी ताईला, म्हणजे गावात बचत गटांचं काम बघणाऱ्या ताईला, एका गावात पन्नास घरं करायची असतात. तिने एवढं विचारायचं कधी?" बाजूला बसलेल्या, चेहऱ्याने ओळखीच्या एका पोराने विचारलं. प्रश्न रास्त होता. शुभा म्हणाली, पन्नास नको, दहाच करू दे, पण उंबऱ्यावर सासू-नवरा नसताना.

दिन्याने तेवढ्यात फोन लावला होता, स्पीकरवर. "वहिनी, एक विचारायचं होतं. गिरणीचे पैसे येतात, ते तुमच्याकडेच राहतात ना?"

पलीकडे गिरणीचा पट्टा चालल्याचा आवाज. मग तो थांबला.

"भावजी, तिथं कोण कोण आहे?"

"मित्र आहेत. कट्ट्यावर बसलोय."

"आणि इकडं हे दारातच बसलेत. रात्री करते मी फोन."

शुभाने हात पुढे करून स्पीकर बंद केला.

साडेदहाला वहिनीचा फोन आला. दिन्या उठून लांब, मैदानाच्या आतल्या झाडापर्यंत गेला आणि बराच वेळ नुसता ऐकत उभा राहिला. परत आल्यावर ती काय बोलली ते त्याने सांगितलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही.